होटगी रस्त्यावरची धावपट्टी

सोलापूरला विमानतळ आत्ता कुठे झाला, असं बाहेरगावचे पाहुणे समजतात. तो १९८७ सालीच झालेला आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याने शहराच्या दक्षिणेला, होटगी रस्त्यालगतच्या माळावर धावपट्टी बांधली, कुंपण घातलं, लहानशी इमारत उभी केली. मी तेव्हा पूर्व भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवायला नुकतीच लागले होते. त्या वर्षी माझ्या वर्गात बसणारी मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. वेळापत्रकावर भरवसा ठेवून, तिकीट काढून सोलापुरातून विमानात बसायला त्यांतल्या बहुतेकांना तेवढं वय गाठावं लागलं. मधल्या काळात त्या धावपट्टीवर काय घडलं आणि काय घडलं नाही, हे नव्या टर्मिनलच्या दारातून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

मात्र ही गोष्ट विमानापासून सुरू करून चालायची नाही. सोलापूर वाटेवर वाढलेलं शहर आहे. इथे मोठी नदी नाही, बंदर नाही, पाऊसही बेताचा, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीने अडवून जो उरतो तो आमच्या वाट्याला येतो. चैत्र-वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि दुपारी बारा ते चार पेठांतले रस्ते ओस पडतात. अशा मुलखात साडेनऊ लाखांचं शहर (२०११च्या जनगणनेतला आकडा) नुसत्या शेतीवर उभं राहत नाही. ते उभं राहिलं येणाऱ्या-जाणाऱ्यांवर.

रेल्वे इथे १८६० साली पोचली. आधी कुर्डुवाडी, ज्याला तेव्हा बार्शी रोड म्हणत, मग मोहोळ, मग सोलापूर. गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट अशी की त्या वेळी बोरघाटातली लाइन पुरी झालेली नव्हती. सोलापुरात गाडीत बसलेला माणूस पुण्यावरून खंडाळ्याला जायचा, तिथे उतरून पालखीतून, घोड्यावरून नाहीतर पायी घाट उतरायचा आणि खाली दुसऱ्या गाडीत बसून मुंबई गाठायचा. घाट खुला झाला १८६३ साली. मुंबईशी सलग जोडलेली नसतानाही गाडी इतक्या तातडीने सोलापूरपर्यंत का आणली? कापसासाठी, आणि पुढे मद्रासकडे जायची वाट धरायची म्हणून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला न भूतो असा भाव आला. रूळ वेळेवर पडले होते. १८७१ साली लाइन रायचूरला पोचून मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली. १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा फाटा सुरू झाला.

तो फाटा माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. कारण पुढच्या काळात तेलंगणातले विणकर त्याच वाटेने सोलापूरला येत राहिले. माझे ताता, म्हणजे वडिलांचे वडील, करीमनगरच्या बाजूने आले ते या रुळांवरूनच. आमच्या घरात तेलुगू, शेजारच्या वाड्यात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दखनी हिंदी. साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक हा सगळा पूर्व भाग त्या गाड्यांमधून उतरलेल्या माणसांनी वसवला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा रथासमोर चालता चालता मागावर कापड विणलं जातं. ते पाहिलं की रेल्वेने या गावाला नेमकं काय आणून दिलं ते निराळं सांगावं लागत नाही.

१८७६ ते ७८च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. त्याच दुष्काळात, १८७७ साली, मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. तीच आमची जुनी मिल. गावं सोडून आलेल्या उपाशी माणसांना काम मिळालं, गिरणीला स्वस्त हात मिळाले. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. शहराचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. कापूस, सूत, साड्या, चादरी, टॉवेल, सगळं काही रुळांवरून जायचं. सोलापूरचं प्रत्येक दार आधी मालासाठी उघडलं आणि माणूस मालामागून आत आला. फक्त माणसांसाठी उघडलेलं या शहराचं पहिलं दार म्हणजे विमानतळ. ते उघडायला इतका वेळ का लागला, याचं निम्मं उत्तर मला इथेच सापडतं. गाठी विमानाने जात नाहीत. आणि गाठींच्या व्यापाऱ्यांना जे लागत नाही ते या शहरात कुणी जोर लावून मागत नव्हतं.

विमानं मात्र आमच्या डोक्यावरून फार पूर्वीपासून जातात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान मुंबईला जुहूच्या मैदानावर आणलं आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. नकाशावर मुंबई ते बेल्लारी रेघ ओढा, ती सोलापूरच्या नैर्ऋत्येकडून जाते. मुंबई ते हैदराबाद रेघ ओढा, ती बार्शीच्या जवळून जाते. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. वरून दिवा लुकलुकत जायचा आणि धाकटा भाऊ विचारायचा, हे आपल्याकडे का उतरत नाही? अव्वा विड्या वळून दमलेली असायची. ती म्हणायची, त्याला इथे काम नसेल. त्या उत्तरात मला पुढे फार अर्थ दिसला.

१९८७ नंतर धावपट्टीवर उतरली ती कामाची माणसं. मंत्री, प्रचाराला येणारे पुढारी, आषाढी एकादशीच्या महापूजेसाठी पंढरपूरला निघालेले मुख्यमंत्री, कधीमधी एखाद्या उद्योजकाचं खासगी विमान. तेवढ्यापुरता होटगी रस्ता झाडला जायचा, पोलीस उभे राहायचे. एरवी कुंपणाच्या आत कुसळी गवत, टिटव्या आणि भर उन्हात मृगजळ. मध्येच किंगफिशरचं छोटं एटीआर विमान मुंबईहून यायला लागलं. शहराला केवढा हुरूप आला! चाटी गल्लीपासून एमआयडीसीपर्यंत सगळीकडे त्याच्याच गप्पा. ते फार टिकलं नाही आणि २०१२ साली ती कंपनीच जमिनीवर आली. पुन्हा टिटव्या.

याच काळात शहराची दुसरी बाजू कोसळत होती. लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. नरसिंग गिरजीचं धुराडंही थंड झालं. हजारो घरांतला ठरलेला पगार गेला. यंत्रमाग चालू राहिले, विड्या चालू राहिल्या. विडी कामगार बायांनी तर लढून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली, तिच्या चाव्या द्यायला २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. पण शिकलेल्या मुलामुलींना इथे काय? माझ्या वर्गातली हुशार मुलं बारावीनंतर पुण्याला जायची आणि तिथलीच व्हायची. हिंजवडीत नोकरी, वाकडला घर, दिवाळीला हुतात्मा एक्सप्रेसने दोन दिवस. कंपन्यांचे लोक इथे का येत नाहीत, असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं: सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येत नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, ही सोय आमच्यासाठी उत्तम होती. बंगळूरच्या किंवा दिल्लीच्या माणसाला ती पुरेशी नव्हती. विमानतळाची मागणी त्या ओसरणाऱ्या घरांतून आली, श्रीमंतांच्या हौसेतून नव्हे. हे नोंदवून ठेवणं मला गरजेचं वाटतं, कारण त्या वेळी मागणी करणाऱ्यांना 'यांना कशाला पाहिजे विमान' असं फार ऐकून घ्यावं लागलं.

२०१६ साली केंद्राची 'उडान' योजना आली. लहान गावांच्या विमानांत निम्म्या जागा ठरावीक दराने विकायच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास, आणि कंपनीला होणारी तूट सरकारने भरून द्यायची, अशी तिची रचना. २७ एप्रिल २०१७ रोजी पहिली विमानं उडाली. सिमल्याहून दिल्लीला एक, आणि त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादला एक. सोलापूरचं नाव त्या पहिल्या यादीत होतं. नांदेडला विमान आलं, कोल्हापूरला आलं. सोलापूरला आलं नाही. तेव्हापासून शहराच्या तोंडी एकच शब्द राहिला: चिमणी.

धावपट्टीच्या जवळच, कुमठ्याच्या हद्दीत, श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. आप्पासाहेब काडादींच्या पुढाकाराने उभा राहिलेला, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या कोरडवाहू टापूतल्या शेतकऱ्यांचा आधार. उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळायचा, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि वीज करून विकायची, असा सहवीजनिर्मितीचा प्रकल्प कारखान्याने काढला. त्याच्यासाठी सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी बांधली. एवढी उंच का? बॉयलर जितका मोठा तितका धूर जास्त, आणि तो आजूबाजूच्या वस्त्यांवर बसू नये म्हणून उंचावर सोडावा लागतो.

विमानाचं गणित याच्या उलटं. मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून उतरण्याच्या दिशेला एक कलती पातळी कल्पिलेली असते. साधारण पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ. त्या पातळीच्या वर काही डोकावता कामा नये. म्हणजे टोकापासून किलोमीटरभर अंतरावर वीस मीटर उंचीचीच मुभा. बाजूलाही चार किलोमीटरपर्यंत पंचेचाळीस मीटरची मर्यादा असते. नव्वद मीटरचं धुराडं त्यात बसत नाही. त्यात आमचा उन्हाळा. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो; विमान धावपट्टीवर जास्त लांब पळतं आणि सावकाश वर चढतं. धावपट्टी आधीच दोन किलोमीटरच्या आसपासची. मे महिन्यातल्या दुपारी वैमानिकाला समोर ते धुराडं नको होतं, यात त्याचा काही दोष नाही.

म्हणजे दोन्ही बाजूंना नियमच होते आणि दोन्ही नियम माणसांच्या जिवासाठी होते. शहर मात्र दोन गटांत फुटलं. एका बाजूला विमानसेवेसाठी चक्री उपोषणं, दुसऱ्या बाजूला कारखान्यासाठी शेतकऱ्यांचे मोर्चे. वाद परवानगीचा होता, तो कोर्टकचेऱ्यांत गेला. घराघरांत भांडणं झाली. आमच्याच ओळखीत सासरे कारखान्याचे सभासद आणि जावई विमान हवं म्हणणारा, असं होतं. माझा कुमठ्याचा एक विद्यार्थी तेव्हा मला म्हणाला होता, "बाई, विमान यावं असं मलाबी वाटतंय. पण आमचा ऊस कोण नेणार ते आधी सांगा की." मी त्याला इतिहासातले दाखले देऊ शकत होते, उसाचं उत्तर देऊ शकत नव्हते.

१५ जून २०२३, गुरुवार. महापालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली. काही सेकंदांत ती आडवी झाली आणि धुळीचा लोट उठला. शहरात कुणी पेढे वाटले, कुणाच्या घरात चूल पेटली नाही. मी मोबाईलवर ते दृश्य बघितलं आणि दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी मला रडू आलं. गिरण्यांची धुराडी थंड पडताना पाहिलेल्या पिढीला चिमणी पडण्याचा अर्थ निराळा असतो.

आता माझं मत स्पष्ट सांगते. चिमणी अडथळा होती, हे खरं. पण विमान न येण्याचं सगळं खापर चिमणीवर फोडणं खोटं आहे. ती बांधली जाण्याच्या आधी वीसहून जास्त वर्षं धावपट्टी होती आणि रिकामी होती. त्या वर्षांत कुणी चिमणी दाखवू शकत नव्हतं. तेव्हा कमी होती ती कंपन्यांची खात्री, सरकारचा पाठपुरावा, आणि आमचाही आग्रह. चिमणी पडल्यानंतरसुद्धा पहिलं विमान यायला जवळजवळ दोन वर्षं गेली. धावपट्टीची डागडुजी, कुंपण, परवाने, अग्निशमनाची व्यवस्था, ही कामं चिमणीखाली दडलेली नव्हती. ती नुसती व्हायची राहिली होती. डोळ्यांना दिसणारी वस्तू दोषी ठरवायला सोपी जाते. कपाटातल्या फायली कुणाला दिसत नाहीत.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान मोदींनी दूरदृश्य प्रणालीने नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन केलं. वर्षाला चार लाख दहा हजार प्रवाशांची सोय, असं तेव्हा सांगण्यात आलं. ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ या गोव्याच्या कंपनीचं एटीआर ७२ विमान मोपाहून येऊन उतरलं आणि सोलापूर-गोवा सेवा सुरू झाली. मग १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरचं मुंबईचं विमान. तारीख पाहिली तेव्हा मी चमकले. टाटांनी टपालाचं पहिलं विमान मुंबईत उतरवलं त्या दिवसाला बरोबर त्र्याण्णव वर्षं झाली होती. ती तारीख कुणी मुद्दाम निवडली असेल असं वाटत नाही, पण इतिहासाच्या शिक्षिकेला असा योग सोडवत नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालासुद्धा मी त्या दिवशी तो सांगितला.

नव्याने येणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगायला हव्यात. टर्मिनल लहान आहे. मुंबई-हैदराबादच्या विमानतळांची सवय असलेल्यांना ते अपुरं वाटेल. मला आवडतं. म्हाताऱ्या माणसाला चालावं लागत नाही, आणि सोडायला आलेल्यांच्या हातून आत जाणाऱ्यांच्या हातात डबा देईपर्यंत वेळ मिळतो. बाहेर पडलात की होटगी रस्ता. टिकेकरवाडीच्या बाजूला कारखाना दिसेल. तिथे क्षणभर बघा, एवढंच म्हणते. शहराकडे निघालात की आसरा चौक, मग सात रस्ता, मग रेल्वे लाईन्स. इथल्या जुन्या बंगल्यांतून कधीकाळी रेल्वेचे आणि कंपनीचे साहेब राहत. पुढे पार्क चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली मे आणि जूनमध्ये या शहरावर मार्शल लॉ पुकारला होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. सोलापूर म्हणजे काय, हे त्या चार नावांत आहे.

भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ साली इथला हा तरुण डॉक्टर बोटीने चीनला गेला, युद्धातल्या जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारला. चीनमधली माणसं त्यांच्यासाठी सोलापूरला येतात. त्यांना आजवर पुण्यात किंवा हैदराबादेत उतरून रस्त्याने यावं लागे. विमानतळाच्या बाजूने बोलताना हा मुद्दा कुणी मांडला नाही याचं मला वाईट वाटलं होतं.

देवदर्शनाला येणाऱ्यांची सोय तर विचारूच नका. अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, पंढरपूर पंचाहत्तर, पलीकडे कर्नाटकात गाणगापूर. जानेवारीत आलात तर सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि शेतातला हुरडा दोन्ही साधेल. परत जाताना शेंगा चटणी आणि कडक भाकरी घ्या. कडक भाकरी नीट बांधली तर महिनाभर टिकते. आमच्या पोरांनी ती अमेरिकेपर्यंत नेलेली आहे. चादर घ्यायची तर घडी उघडून दोन्ही बाजूंनी नक्षी बघा. खऱ्या सोलापुरी जकार्ड चादरीची नक्षी उलट बाजूलाही उमटलेली असते, फक्त रंग पालटलेले.

आणखी एक विमानतळ सोलापूरच्या नावावर कागदावर आहे. हैदराबाद रस्त्याला बोरामणी इथे मोठा, नवा विमानतळ करायचं ठरून आता बराच काळ झाला. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. मधल्या वनजमिनीच्या तुकड्यावर गाडं अडलं, आणि तिथे माळढोकाचं नाव आलं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. तो उंच मानेचा, जड अंगाचा पक्षी गवताळ माळावर राहतो, वर्षाला एखादंच अंडं घालतो आणि विजेच्या तारा त्याला उडताना दिसत नाहीत. आमच्या लहानपणी ज्वारीच्या रानात तो दिसल्याचं लोक सांगायचे. आज त्याच्या जातीतले उरलेसुरले पक्षी मुख्यतः राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटात आहेत. मी शिकवत असताना मुलांना नान्नजला न्यायचे. गवतात तासन्तास बसून रिकाम्या डोळ्यांनी परत यावं लागायचं. बोरामणीच्या जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांचा विचार आला की विमानतळ व्हावा असं वाटतं. माळ आठवला की वाटतं, होटगी रस्त्यावर जे आहे ते आधी पुरतं वापरा. दोन्हींपैकी एक निवडायला सांगितलं तर मी दुसरं निवडीन. चिमणीच्या वेळी आपण घाईने एकाची भाकरी दुसऱ्याच्या पंखांखाली ठेवली. माळढोकाच्या बाबतीत तसं झालं तर तो परत आणता येणार नाही.

होटगी रस्ता पुरता वापरायचा म्हणजे काय, तर रात्री उतरण्याची सोय, वेळेवर येणारी विमानं आणि सरकारी तूटभरपाई संपल्यावरही भरलेल्या जागा. सत्तर-पंचाहत्तर जागांचं विमान रोज भरायला तेवढी माणसं रोज निघायला हवीत. ती निघतील. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांचे आईबाप आता थकलेत, रात्रभराचा बर्थ त्यांना सोसत नाही. यंत्रमागाचे नव्या पिढीतले मालक टॉवेलचे नमुने घेऊन परदेशी गिऱ्हाइकांना भेटतात. त्यांच्या दौऱ्यातला एक दिवस वाचला तर तो इथल्या मागावर लागेल.

माझी स्वतःची मागणी हैदराबादची आहे. रोजचं विमान, ठरलेल्या वेळेचं. पूर्व भागातल्या दर दुसऱ्या घराचे सोयरे तिकडे आहेत. लग्नाच्या मोसमात बसगाड्या आणि रेल्वेचे डबे भरून माणसं जातात, परत येतात आणि दोन दिवस अंग धरून बसतात. सुमारे तीनशे किलोमीटरचं अंतर, एटीआरला तासाभराचं काम. करीमनगरला अजून आमची चुलत शाखा आहे, एक आत्याबाई नव्वदीच्या आहेत आणि त्यांना सोलापूरच्या शेंगांची चटणी लागते. विमान रोजचं झालं की मी चटणीचा डबा घेऊन जाणार आहे. तो केबिनमध्ये चालतो का ते आधीच विचारून ठेवलं आहे, कोरडी चटणी चालते.